पहिल्यांदाच सिम्फनी ऐकायला जाताय? मग एवढं करा

ड्वोर्झाक या संगीतकाराची नववी सिम्फनी (वाद्यवृंदासाठीची चार भागांची मोठी रचना) आणि बार्टोक या संगीतकाराची रुमानियन लोकनृत्यं एकाच संध्याकाळी, अशा कार्यक्रमाला जावं का, असा प्रश्न पडलाय? सुरुवातीला याहून चांगला कार्यक्रम मिळणं कठीण, नक्की जा.

नवखे लोक आधी भाराभर वाचतात आणि मग तिथे परीक्षेला बसल्यासारखे ऐकतात. सोनाटा फॉर्म (रचनेच्या बांधणीचा एक साचा) वगैरे आत्ता राहू द्या. नवव्या सिम्फनीचा फक्त दुसरा भाग, लार्गो, घरी दोन-तीनदा ऐका. आधी पितळी वाद्यांचे संथ, गंभीर स्वर येतात, मग कोर आंग्ले हे फुंकून वाजवायचं वाद्य एक प्रसिद्ध धून वाजवतं. ते शोधायला लाकडी सुषिर (फुंकून वाजवायच्या) वाद्यांच्या रांगेत ओबो या सनईसारख्या वाद्यापेक्षा लांब, टोकाला कांद्यासारखा फुगवटा असलेलं वाद्य बघा आणि वाजवणाऱ्याचा श्वास बघा. माझ्या मते तिकिटाचे पैसे तिथेच वसूल होतात.

बाकी दोन गोष्टी:

- आपल्या मैफलीत जागच्या जागी दाद देतात, इथे चारही भाग संपेपर्यंत थांबायचं. अंदाज येत नसेल तर कंडक्टरचे हात पूर्ण खाली येऊ द्या.
- पहिल्या रांगेचा मोह नको. तिथे व्हायोलिनंच कानावर येतात, मागची वाद्यं धड दिसतही नाहीत. बाल्कनी घ्या.

आणि वेळेआधी पोचा, उशिरा येणाऱ्यांना बहुधा दोन रचनांच्या मधेच आत सोडतात.

बार्टोकची नृत्यं जेमतेम सहा-सात मिनिटांची आहेत. ट्रान्सिल्व्हानियातल्या (आजच्या रुमानियातल्या एका प्रांतातल्या) लोकांच्या चालींवरून त्याने ती १९१५ मध्ये पियानोसाठी लिहिली आणि १९१७ मध्ये वाद्यवृंदासाठी बांधली. शेवटची दोन अशी सुसाट जातात की पाय ठेका धरतोच. धरू द्या, फक्त बुटाचा आवाज नको.