कागदी विमान उडवायचे शांत गेम खरंच खेळण्यासारखे असतात का? सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न असा की, मारामारी नाही, शर्यत नाही, नुसतं एक कागदी विमान आणि भोवतालची हवा, एवढ्यावर केलेला गेम मन लावून खेळावासा वाटतो का, आणि वाटत असेल तर 'वातावरण जमलेला' असा आधी कुठला घ्यावा. वाटतो. मला तर इतका वाटतो की गेली बरीच वर्षं मी या जातीचे गेम शोधून शोधून खेळतो आहे. सुरुवात 'ग्लायडर'पासून करा असं मी सांगेन, जरी तो या सगळ्यांत जुना असला तरी. का, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

कागदी विमानाला इंजिन नसतं. हातातून सुटलं की त्याच्याजवळ दोनच गोष्टी उरतात: फेकताना मिळालेला वेग आणि जमिनीपासूनची उंची. वेग कमी झाला की नाक खाली जातं, थोडी उंची खर्च होते, वेग परत येतो. उंची संपली की उड्डाण संपलं. जपानच्या ताकुओ तोदा यांनी 2010 साली, बंद हॉलमध्ये, एका कागदाच्या घड्या घालून केलेलं विमान 29.2 सेकंद हवेत ठेवलं आणि तो जागतिक विक्रम ठरला. आयुष्यभर हाच ध्यास घेतलेल्या माणसाचं विमान, आणि तेही अर्ध्या मिनिटाच्या आत खाली आलं. लांबीचं बघायचं तर 2022 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत काही तरुण इंजिनिअरांनी 88.31 मीटरचा पल्ला गाठला. म्हणजे साधारण एका फुटबॉलच्या मैदानापेक्षाही कमी.

आता गेम बनवणाऱ्याच्या जागी बसून बघा. तुमचा नायक मुळातच खाली पडण्यासाठी जन्मलेला आहे आणि खेळणाऱ्याला तुम्हाला तासभर धरून ठेवायचंय. मग विमान वर राहणार कशाच्या जोरावर? माझ्या मते या प्रकारच्या गेमची सगळी परीक्षा या एका प्रश्नात होते. चित्रं, संगीत, धुकं, सूर्यास्त हे सगळं त्यानंतर. फोनवरच्या कितीतरी गेममध्ये बोट वर ओढलं की विमान वर जातं, हवं तितकं, हवं तेव्हा. तिथे कागदाच्या आत गुपचूप इंजिन बसवलेलं असतं. दिसायला ते कितीही सुंदर असले तरी मी ते लगेच काढून टाकतो, कारण कागदाचं सगळं मर्म त्याच्या दुबळेपणात आहे. तो दुबळेपणा काढून घेतला की उरतं फक्त पांढऱ्या रंगाचं जेट.

जॉन कॅल्हून यांनी मॅकिंटॉश संगणकासाठी केलेल्या 'ग्लायडर'ने या प्रश्नाचं जे उत्तर 1988 साली दिलं, त्याच्या जवळपास जाणारं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. गेम घडतो एका घरात. विमान सतत, संथपणे खाली येत असतं. तुमच्या हातात डावीकडे आणि उजवीकडे जायची दोन बटणं, बस. वर जायचं बटणच नाही. वर जायचं तर हवा शोधायची. अमेरिकेत थंडीच्या दिवसांत घर गरम ठेवण्यासाठी जमिनीत जाळ्या बसवलेल्या असतात आणि त्यातून हवेचा झोत वर येतो. त्या जाळीवर विमान नेलं की ते अलगद उचललं जातं. मग पुढची जाळी गाठेपर्यंत जितकी उंची हातात आहे तितक्यात मधलं टेबल, कपाट, दिवा ओलांडायचा. कशाला धडकलात की कागद गेला. छतातली जाळी उलट खाली ढकलते. टेबलफॅन आडवा रेटतो. मेणबत्तीच्या वरची गरम हवा उचलून धरते, पण जरा खाली उतरलात तर ज्योत विमानाला पेटवते.

ही मेणबत्ती मला फार आवडते. मदत आणि मरण एकाच वस्तूत, बोटभर अंतरावर, आणि हे समजायला एका शब्दाचीही सूचना लागत नाही, कारण ज्योतीच्या वर हात धरल्यावर काय होतं ते आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं. माझी भाची शेजारी बसून बघत असते. खेळाचा एकही नियम तिला मी सांगितलेला नाही, तरी ती मला बजावते, ''मामा, मेणबत्तीवरून जा, पण वरून जा!''

वस्तूंची निवड बघा. टोस्टरमधून पावाचा तुकडा उडतो. माशांच्या भांड्यातून मासा उसळी मारतो. विजेच्या सॉकेटमधून ठिणगी पडते, गळक्या जागेतून पाण्याचा थेंब पडतो, आणि कागद फाडणारं यंत्र तर आहेच. एरवी आपण ज्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही त्या घरातल्या वस्तू कागदाच्या आकाराला आल्यावर अचानक प्रचंड होतात. अंधाऱ्या खोलीत भिंतीवरच्या बटणाला विमान टेकवलं की दिवा लागतो. घर माणसांचं आहे, पण समोर येतात त्या फक्त त्यांच्या वस्तू. वातावरण म्हणतात ते मला इथे खरं जाणवतं, आणि ते सुरुवातीला काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत उभं केलेलं होतं.

खोल्या एकेका पडद्याच्या. डाव्या कडेने बाहेर पडलात की डावीकडची खोली. म्हणजे प्रत्येक खोली हे एक कोडं होतं: आत शिरताना तुमची उंची किती होती यावर बाहेर पडता येईल की नाही ते ठरतं. त्यामुळे मागच्या खोलीत केलेली उधळपट्टी या खोलीत भोवते. या बांधणीतला आणखी एक गुण म्हणजे घरं रचायचं साधनही गेमसोबत मिळायचं, आणि खेळणाऱ्यांनी स्वतःची घरं रचून एकमेकांना दिली. 1991 मध्ये कॅसडी अँड ग्रीन या कंपनीने त्याची चौथी आवृत्ती विकायला आणली, 1994 मध्ये 'ग्लायडर प्रो' आला आणि विमान घराबाहेरही पडलं. 2003 मध्ये कंपनी बंद झाली. पुढे कॅल्हून यांनी 'ग्लायडर प्रो'चा सोर्स कोडच, म्हणजे गेमचा मूळ प्रोग्रॅमच, सगळ्यांसाठी खुला केला. त्यावरून 'एरोफॉइल' नावाची फुकट आवृत्ती तयार झाली आहे, ती आजच्या विंडोज संगणकावर चालते. मी तीच खेळतो.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. 'ग्लायडर'मध्ये हवा खरी आहे, पंख खरे नाहीत. बटण सोडलं की विमान जवळजवळ जागच्या जागी खाली येतं. सूर मारून वेग घेणं, त्या वेगावर पुन्हा वर येणं, हे त्यात नाही. ज्यांना उड्डाणाची ती लय हवी आहे त्यांच्यासाठी 2021 चा 'लाइफस्लाइड' आहे. तुम्ही 'वातावरण जमलेला' असं लिहिलंय, त्यावरून तुमच्या मनात बहुधा याच चेहऱ्याचं काहीतरी असावं. इथे कागदी विमान मोकळ्या, रंगीत प्रदेशांवरून जातं आणि एका आयुष्याचे टप्पे एकेक करून मागे पडतात. खाली सूर मारला की वेग, नाक उचललं की उंची वाढते, पण वेग घटतो. हा व्यवहार बोटांना कळू लागला की बघण्यापेक्षा खेळण्यात जास्त आनंद मिळतो. आयुष्याचं रूपक मात्र मला जरा उघड वाटलं. विमान स्वतःच इतकं बोलकं असताना त्याला अर्थ चिकटवायची गरज नव्हती. तरीही घ्या, उड्डाणासाठी घ्या.

'फ्लॉवर'मध्ये विमान नाही, पण या यादीतून मी तो काढू शकत नाही. लॉस एंजेलिसच्या 'दॅटगेमकंपनी' या कंपनीने तो 2009 मध्ये प्लेस्टेशन 3 साठी आणला, दिग्दर्शन शांघायमध्ये वाढलेल्या जेनोव्हा चेन यांचं. इथे प्रश्नच उलटा केलाय. हलकी वस्तू वर कशी राहील, याची काळजी करायची नाही, कारण तुम्ही स्वतःच वारा आहात. एका पाकळीला उचलून गवताळ माळावरून न्यायचं, वाटेत कळ्यांना स्पर्श करायचा, त्या उमलतात, प्रत्येक फुलाची एक पाकळी तुमच्यामागे येते आणि बघता बघता पाकळ्यांची लांबच लांब रांग गवतातून वळणं घेत जाते. कंट्रोलर हातात कलवायचा आणि एक बटण दाबून वाहायचं, कुठलंही बटण चालतं. फूल उमललं की एक सूर वाजतो. व्हिन्सेंट डायमांटे यांचं संगीत आणि हे सूर मिळून तुमच्या वाटेची धून तयार होते. वेळेची मर्यादा नाही, मरण नाही. तरी पुढे एका टप्प्यावर वादळ येतं, विजेचे वाकलेले खांब अंगावर येतात आणि पाकळ्या करपतात, तेव्हा जी धडकी भरते ती मरण नसलेल्या गेममध्ये भरते याचं मला दर वेळी नवल वाटतं. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन अमेरिकन आर्ट म्युझियमने 2013 मध्ये हा गेम आपल्या संग्रहात घेतला. माझ्या मते त्यांनी योग्य केलं.

तुम्ही लिहिलंय की 'अशा गेममध्ये करायला काही नसतं' असं मित्र म्हणतात. त्यांना एकदा कामशेतला नेऊन आणा. तिथे पॅराग्लायडिंग करणारी माणसं टेकडीवर तासन्‌तास उभी राहून हवेचा अंदाज घेत असतात. ऊन तापलं की कुठल्या कातळावरून गरम हवा वर चढेल, घारी पंख न हलवता कुठे घिरट्या घालताहेत, समोरच्या उतारावरचं गवत कुठल्या बाजूला वाकलंय. ते ज्याला थर्मल म्हणतात तो डोळ्यांना दिसत नाही. त्याच्या खुणा तेवढ्या दिसतात. पुण्यात हडपसरला ग्लायडिंग सेंटर आहे, तिथलं बिनइंजिनाचं विमान वर ओढून सोडलं की पुढे वैमानिकाला हेच वाचन करावं लागतं. अदृश्य गोष्ट दिसणाऱ्या खुणांवरून ओळखायची, हेच तर करायचं असतं. 'ग्लायडर'मधली जाळी, मेणबत्ती, पंखा या त्या खुणा. ज्या गेममध्ये अशा खुणा वाचाव्या लागतात तो मला कंटाळवाणा झालेला आठवत नाही.

या दृष्टीने 2017 चा 'सुपरफ्लाइट' बघा. त्यात कागद नाही, विंगसूट, म्हणजे हातापायांमध्ये कापडाचे पंख असलेला पोशाख, घातलेला माणूस आहे, पण इंजिन नसण्याचा नियम तो कडक पाळतो. कड्यांच्या जितक्या जवळून जाल तितके गुण. शांत म्हणता येणार नाही, पण दमलेल्या संध्याकाळी थोडा वेळ खेळायला छान.

तुमच्याकडे फक्त फोन असेल तर 'स्काय: चिल्ड्रन ऑफ द लाइट' घ्या. 'फ्लॉवर'वाल्यांचाच, 2019 चा, डाउनलोड फुकट. पंखांसारख्या शेल्यात उडण्याची ताकद मर्यादित असते आणि ढगात शिरलं की ती परत भरते. म्हणजे इथेही ढग बघून वाट ठरवावी लागते. त्यात भेटणाऱ्या अनोळखी खेळाडूंचा हात धरून उडता येतं, आणि नवख्या माणसाला हात धरून वर नेणारे लोक तिथे खूप भेटतात. आत विकत घ्यायच्या वस्तू बऱ्याच आहेत. त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही तरी उडायला काही कमी पडत नाही. 'फ्लॉवर'ही आयफोनवर आहे, 2017 पासून, आणि विंडोजवर 2019 पासून.

तर लॅपटॉप असेल तर आज 'एरोफॉइल' उतरवून घ्या. साध्या मशीनवरही तो जड जाऊ नये. पहिल्या काही खोल्यांत घाई करू नका. विमान किती वेगाने खाली येतं आणि जाळीचा झोत कुठवर पोचतो, एवढंच आधी बघा. पुढच्या सगळ्या खोल्या त्या दोन अंदाजांवर सुटतात. 'फ्लॉवर' मात्र राखून ठेवा, दोनेक तास मोकळे असतील आणि हेडफोन हाताशी असतील अशा दिवशी, एका बैठकीत पूर्ण करायला.