मालिकेतली आई आणि ‘मी कमी पडते’ ही खंत

तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे लहान मुलांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग, झालेल्या एका मुलाची आई माझ्याकडे आली तेव्हा उपचारांचा सुरुवातीचा खडतर टप्पा पार पडून मेंटेनन्सचा, म्हणजे आजार उलटू नये म्हणून दीर्घकाळ औषधे देण्याचा, टप्पा सुरू झाला होता. ती रोज रात्री एक मालिका पाहत असे. त्यातली आई आजारी लेकीसाठी रुग्णालये पालथी घालते, डॉक्टरांशी भांडते आणि अखेरीस दूर देशातला तज्ज्ञ शोधून काढते. “ती एवढं करते, आणि मी नुसत्या गोळ्या देते,” हे सांगताना तिला रडू आवरेना.

ही खंत दीर्घ आजारी मुलांचे पालक वारंवार बोलून दाखवतात. मालिकेला धावपळ हवी असते, कारण तीच पडद्यावर दिसते; मर्कॅप्टोप्युरिनची रोजची गोळी आणि मेथोट्रेक्झेटचा आठवड्यातून एकदाच द्यायचा डोस या मेंटेनन्सच्या औषधांवर कोणी भाग रंगवणार नाही. प्रत्यक्षात मात्र 2 ते 3 वर्षांच्या उपचारांतला मोठा काळ याच गोळ्यांचा असतो, आणि त्या वरचेवर चुकल्या तर आजार उलटण्याचा धोका वाढतो.

ती औषधांची वही ठेवते, असे बोलण्यात आले म्हणून मी ती पाहायला मागितली. प्रत्येक तारखेपुढे खूण होती. एका पानावर ‘रात्री 2, ताप 38.4°C, लगेच निघालो’ अशी घाईतली नोंद होती. पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना असा ताप आला तर सकाळपर्यंत थांबून चालत नाही, हे ती पुरते जाणून होती. ती नोंद मी तिलाच मोठ्याने वाचायला लावली.

दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे का, हा तिचा प्रश्न मात्र रास्त होता. असे मत घेणे हा पालकांचा हक्क आहे आणि बहुतेक डॉक्टर त्याने दुखावत नाहीत. फक्त अस्थिमज्जेच्या तपासणीचे अहवाल व उपचारांचा आराखडा सोबत न्यावा आणि तोवर चालू औषध थांबवू नये. तिने तसेच केले. दुसऱ्या डॉक्टरांनीही तोच आराखडा योग्य ठरवला. मालिका बंद करा, असे मी सुचवले नाही (तो तिचा दिवसातला एकमेव निवांत तास होता). आठवड्यातल्या काही रात्री औषधाची जबाबदारी मुलाच्या वडिलांनी घ्यावी, एवढे आम्ही तिघांनी बसून ठरवले.