अंडं, हार्मोन आणि बल्ब : तुमचे प्रश्न

प्रश्न (कोथरूड) : लेयर (अंड्यांसाठी पाळलेल्या) कोंबड्यांना हार्मोनची इंजेक्शनं देतात म्हणे, मुलांना अंडी द्यावीत का?

ताई, बिनधास्त द्या. अंड्याला लागणारे हार्मोन कोंबडी स्वतःच तयार करते. तिचं डावंच अंडाशय काम करतं, त्यात बारीक फॉलिकल (ज्यात बलक वाढतो त्या पिशव्या) ढिगानं असतात, त्यातलं ६ ते ८ मिलिमीटरचं एक साधारण रोज निवडलं जातं, एफएसएच (फॉलिकल वाढवणारं हार्मोन) याच्या जोरावर, आणि मग ७ ते १० दिवस त्यात बलक भरत राहतो, बलकाचा माल इस्ट्रोजेन या हार्मोनमुळं लिव्हरमध्ये बनतो. त्यामुळं आत कायम पाच-सहा पिवळी फॉलिकल लहान-मोठी अशी रांगेत असतात. सगळ्यात मोठं झालेलं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन सोडतं, त्यानं एलएच (बलक सुटायला लावणारं हार्मोन) उसळतं आणि ४ ते ६ तासांत बलक सुटतो. एफएसएच खाद्यातून दिलं तर ते प्रोटीनच, पचून जाणार. आणि हजारो पक्षी रोज पकडून टोचत बसणं परवडेल कुणाला, घाबरलेली कोंबडी तर उलट अंडी कमी करते!

प्रश्न (शिरवळ, विद्यार्थी) : रोज अंडं देणारी कोंबडी मधेच एक दिवस खाडा का करते?

अंडं तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात, पुढचा बलक अंडं दिल्यावर अर्ध्या तासानं सुटतो, म्हणून वेळ रोज थोडी पुढं सरकते. एलएच मात्र ठरावीक ८-१० तासांतच उसळतं, मुख्यतः रात्री. ती वेळ हुकली की फॉलिकल दुसऱ्या दिवसापर्यंत थांबतं.

प्रश्न (शिरूर) : डिसेंबरात अंडी घटलीत, बल्ब किती वेळ लावू?

दादा, आपल्याकडं तेव्हा दिवस जेमतेम ११ तासांचा. कोंबडीचा मेंदू कवटीतून आत येणारा उजेड थेट ओळखतो आणि त्यावरच जीएनआरएच हे मेंदूतलं हार्मोन, मग एफएसएच-एलएच सुटतं. आठवड्याला अर्धा तास वाढवत एकूण १६ तासांवर न्या, टायमर लावाच, आणि लाइट जाते त्यासाठी बॅकअप ठेवा, कारण अंडी चालू असताना उजेड कमी करायचाच नाही. दोन दिवसांत फरक शोधू नका, बलक भरायलाच आठवडा-दीड आठवडा जातो. तलंगांना (अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्यांना) मात्र घाई करू नका हं, अंगानं भरायच्या आत उजेड वाढवला तर एकदम दोन-दोन बलक सुटतात, मोठ्या अंड्यानं मागचा भाग बाहेर येतो आणि पक्षी हातचा जातो, हे बघवत नाही.

प्रश्न (मुळशी) : गावरान कोंबडी खुडूक (अंडी उबवायला) बसलीय, शेजारच्या काकू पाण्यात बुडवायला सांगतात.

अजिबात बुडवू नका. प्रोलॅक्टिन हे उबवायला बसवणारं हार्मोन वाढलंय, त्यानं एलएच पडतं आणि आतली पिवळी फॉलिकल जिरून जातात. पिल्लं हवी असतील तर बसू द्या. नको असतील तर खुराड्यातनं काढून जाळीच्या तळाच्या हवेशीर पिंजऱ्यात, उजेडात तीन-चार दिवस ठेवा, दाणापाणी मात्र पोटभर. खुडूक मोडली तरी बलक नव्यानं भरायचाय, त्यामुळं अंड्याची वाट दोन-तीन आठवडे तरी बघावी लागेल.