नव्वद माणसांच्या कंपनीची रचना: खात्यांनुसार, उत्पादनांनुसार की मॅट्रिक्स?

तुम्ही लिहिलंय की कंपनी वीस माणसांवरून नव्वदवर गेली, दोन उत्पादनं झाली आणि आता प्रत्येक निर्णय मालकांच्या टेबलावर येऊन अडतो. मग रचना खात्यांनुसार ठेवावी, उत्पादनांनुसार करावी की मॅट्रिक्स (म्हणजे एकाच माणसाला दोन साहेब, एक खात्याचा आणि दुसरा उत्पादनाचा किंवा प्रकल्पाचा) आणावं? मी या तिन्ही पद्धतींच्या कंपन्यांमध्ये नोकरी केली आहे, म्हणून मनापासून सांगतो.

लगेच रचनेचा तक्ता काढायला घेऊ नका. आधी गेल्या महिन्यात रखडलेले दहा निर्णय कागदावर लिहा. प्रत्येकापुढे लिहा, कुणाचं कुणाशी पटलं नाही आणि त्या दोघांच्या वरचा पहिला सामाईक साहेब कोण. खरी गोम या शेवटच्या रकान्यात आहे. विक्रीवाल्याने गिऱ्हाइकाला तारीख कबूल केली आणि कारखान्यातला उत्पादन खात्याचा माणूस म्हणाला जमणार नाही, तर खात्यांच्या रचनेत त्या दोघांच्या वर मालकांशिवाय कुणीच नसतं. मालकांना काम सोडवत नाही असं लोक बोलतात. पण भांडण मिटवायला दुसरी जागाच नसेल तर ते त्यांच्याकडेच जाणार.

ही अडचण फार जुनी आहे. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क अँड एरी रेल्वेचे अधीक्षक डॅनियल मॅककॅलम यांनी १८५५ च्या सुमारास मांडलं होतं की पन्नास मैलांच्या रेल्वेवर अधीक्षक जातीने लक्ष घालू शकतो, पाचशे मैलांवर तीच पद्धत चालत नाही. त्यांनी मार्गाचे विभाग पाडले, प्रत्येकावर अधिकार असलेला माणूस नेमला आणि सगळ्याचा झाडासारखा तक्ता काढून घेतला. संचालक मंडळ त्यात वर नाही, खाली मुळाशी आहे. मला ते चित्र फार आवडतं.

उत्पादनांनुसार रचना केली की वाद त्या उत्पादनाच्या प्रमुखापाशीच मिटतो. जनरल मोटर्समध्ये आल्फ्रेड स्लोन यांनी १९२० च्या दशकात हेच बसवलं: मोटारींचे विभाग आपापला कारभार बघणार, पैशाची सूत्रं मात्र मुख्यालयाकडे. पण यात खरेदी, डिझाइन, विक्री सगळं दुहेरी होतं. नव्वद माणसांत ते परवडायला दोन्ही उत्पादनांची गिऱ्हाइकं आणि मशिनं खरोखर वेगळी हवीत. आणि कंपनी मोठी झाली की हेच करावं लागतं असंही नाही. स्टीव्ह जॉब्स १९९७ मध्ये ॲपलमध्ये परतले तेव्हा त्यांनी वेगवेगळ्या विभागांचे प्रमुख काढून अख्खी कंपनी पुन्हा खात्यांनुसार लावली.

मॅट्रिक्सबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण ते मी भोगलंय. मी डिझाइनमध्ये होतो. एक साहेब डिझाइनचे, दुसरे प्रकल्पाचे. एका व्हॉल्व्हचं ड्रॉइंग प्रकल्पवाल्यांना त्याच दिवशी शॉपवर, म्हणजे कारखान्यात, सोडायचं होतं, डिझाइनचे साहेब म्हणाले टॉलरन्स (मापात चालणारा फरक) पुन्हा तपासा. ड्रॉइंग चार दिवस माझ्या टेबलावर पडून राहिलं. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते आणि शेवटचा शब्द कुणाचा हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. व्यवस्थापनावर लिहिणारे फ्रेंच लेखक आंरी फेयोल यांनी १९१६ मध्येच लिहून ठेवलंय की एका माणसाला हुकूम एकाच वरिष्ठाकडून मिळावा. नंतर आमच्याकडे एक पान तयार झालं: तांत्रिक निर्णय डिझाइनचा, तारखेचा प्रकल्पाचा, वार्षिक मूल्यमापन डिझाइनचे साहेब करणार पण प्रकल्पवाल्यांचं लेखी मत घेऊन. साहेब दोघंच राहिले, पण काम हलायला लागलं.

तुमच्या जागी मी असतो तर खाती आहेत तशीच ठेवली असती आणि प्रत्येक उत्पादनाला एक समन्वयक दिला असता. त्याला नुसतं पाठपुरावा करायला नेमू नका. कुठली ऑर्डर आधी घ्यायची आणि गिऱ्हाइकाला कोणती तारीख द्यायची, हे तोच ठरवेल असं लेखी द्या. मालकांनी एक पथ्य पाळायलाच हवं: समन्वयकाला वगळून कुणी थेट आलं तर उत्तर न देता परत पाठवायचं. पहिले दोन-तीन महिने हे फार जड जातं. एकदा जरी मालकांनी परस्पर तारीख बदलून दिली, तर दुसऱ्या दिवसापासून त्या समन्वयकाला कुणी विचारत नाही.

दोन्ही उत्पादनं एकाच मशिनवर होतात का, तेवढं कळवा. तसं असेल तर दोन समन्वयकांमध्ये मशिनच्या वेळेवरून ओढाताण होईल आणि ती सोडवायचा अधिकार कारखान्याच्या उत्पादन खात्याच्या प्रमुखाला आधीच द्यावा लागेल.