ग्रीसच्या मिलोस बेटाचा किनारा बोटीने बघायचा तर टूर घ्यावी की स्वतः बोट भाड्याने घ्यावी?

जुलैचा शेवट, तीन रात्री, सोबत बायको आणि पासष्टीच्या आई, आणि कुणालाच धड पोहता येत नाही असं तुम्ही लिहिलंय, तर माझ्या मते कप्तानवाली बोट घ्या, स्वतः चालवायच्या फंदात पडू नका. ग्रीसमध्ये ३० हॉर्सपॉवरपर्यंतची छोटी बोट लायसन्सशिवाय भाड्याने मिळते हे तुम्ही वाचलंय ते खरंय, थोडं शिकवतात, नकाशा हातात देतात आणि जा म्हणतात. शांत दिवशी मस्त मजा येते. पण जुलै-ऑगस्टमध्ये शांत दिवस मिळेलच असं नाही, आणि खरा मुद्दा तोच आहे.

आपल्याला पावसावरून समुद्र ओळखायची सवय. मालवणकडे जूनमध्ये ढग आले, समुद्र खवळला की बोटी बंद, हिशोब सोपा. मिलोसला उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ नसतोच, आभाळ निळंशार, ऊन कडक, आणि तरी सकाळी बंदरावर गेलात तर सगळ्या बोटी बांधलेल्या, कारण मेल्तेमी सुटलाय. हा उत्तरेकडून येणारा कोरडा वारा, एकदा सुटला की कधीकधी तीन-चार दिवस थांबत नाही. तिथली माणसं वाऱ्याबद्दल बोलतात ती बोफोर्टमध्ये, म्हणजे वाऱ्याचा जोर मोजायच्या आकड्यात, आज चार आहे, उद्या सहा होणार असं. पाच म्हणजे ताशी साधारण ३० ते ३८ किलोमीटर, सहा म्हणजे जवळपास ५० पर्यंत. चारपर्यंत निवांत, पाचला पोट डचमळायला लागतं, सहा असेल तर हॉटेलजवळच्या बीचवर बसा. त्यामुळे फोनवर पावसाचं ॲप नका बघू, वाऱ्याचं बघा.

आणि यावरूनच बोटीचा दिवस ठरवा. पोचल्यावर लगेच दुसऱ्या दिवशीची टूर बुक करा, शेवटच्या दिवशीची नको. रद्द झाली तर पुढचा दिवस हातात राहतो. मी गेलो होतो तेव्हा कप्तानाने आदल्या संध्याकाळी फोन करून उद्या नको परवा या म्हणून सांगितलं, बोटीवरचे अर्धे लोक तसे पुढे ढकललेलेच होते. (याच कारणाने मिलोसहून निघायचं आणि त्याच रात्री अथेन्सहून मुंबईची फ्लाईट, असं करू नका. अथेन्सचं बंदर पिरेयस, तिथल्या फास्ट फेरी पण वाऱ्याने अडकतात.)

आता बोटीने नक्की काय बघायचं. मिलोसचा आकार घोड्याच्या नालेसारखा, मधे मोठी खाडी आणि तिच्या आत आदामास बंदर. बहुतेक टूर इथूनच निघतात. खाडीतून बाहेर पडताना उजव्या हाताला क्लिमा दिसतं, कोळ्यांची घरं अगदी पाण्याला लागून, खाली बोट ठेवायची जागा आणि वर राहायची, दारं निळी लाल पिवळी. त्याच्याच वरच्या उतारावर १८२० मध्ये एका शेतकऱ्याला ती हात नसलेली व्हीनसची मूर्ती सापडली, जी आता पॅरिसला लूव्रमध्ये आहे. मग अस्वलासारखे दिसणारे खडक, आणि बाहेर पडून डावीकडे वळलं की पश्चिम किनारा, एकदम ओसाड, रस्ते कच्चे, भाड्याच्या गाडीचा इन्शुरन्स बऱ्याचदा तिकडे चालत नाही. म्हणजे तो भाग बघायचा तर बोटच बरी. वाटेत सिकियाची गुहा लागते, तिचं छप्पर कोसळलंय त्यामुळे वरून ऊन थेट आतल्या पाण्यावर पडतं, मोठी बोट बाहेर थांबते आणि छोट्या रबरी बोटीतून आत नेतात.

आणि मग क्लेफ्तिको. बेटाच्या नैऋत्य टोकाला, पांढऱ्याफेक खडकांच्या कमानी, बोगदे, समुद्रातून वर आलेले सुळके. पूर्वी चाचे इथे लपायचे. मिलोस ज्वालामुखीचं बेट आहे, तसा आपला सह्याद्री पण लाव्हाचाच, पण आपला कातळ काळा आणि हा खडूसारखा पांढरा, त्यामुळे खालचं पाणी असलं हिरवंनिळं दिसतं की फोटोत रंग वाढवलाय असं वाटावं. जमिनीवरून तिथं चालत जाता येतं पण उन्हातला डोंगर आहे, आईंना घेऊन तर नाहीच. गंमत म्हणजे मेल्तेमी उत्तरेचा असल्याने दक्षिणेकडचा हा भाग बेटाच्या आडोशाला येतो, त्रास होतो तो तिथं पोचेपर्यंत. म्हणून वारा मध्यम असेल तर दक्षिणेकडच्या आगिया किरियाकी बीचवरून निघणारी छोटी बोट विचारून बघा, पश्चिमेचा उघडा पट्टा टळतो. क्लिमा आणि सिकिया हुकेल मग, पण आईंची उलटी वाचेल.

उत्तर किनाऱ्यासाठी बोटीचे पैसे घालवू नका. साराकिनिको, तो चंद्रावरच्यासारखा पांढरा खडक, गाडी लावून दहा मिनिटात चालत गाठता येतो, आणि वारा असेल तेव्हा तर तिथं लाटा आपटताना बघायला काठावरूनच बरं, पाण्यात उतरू नका. दक्षिणेकडचा त्सिग्रादो बीच म्हणून सगळे नाचतात, तिथं खाली उतरायला खडकाच्या फटीत शिडी आणि दोर आहे, ते पण राहू दे.

बोट कुठली तर कॅटामरान मिळाली तर घ्या, दोन बुडांची असते त्यामुळे कमी डोलते. शिडाची एका बुडाची दिसायला देखणी पण कलते. उलटीची गोळी निघायच्या तासभर आधी घ्यायची, मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. पोहता येत नाही हे चढतानाच सांगा, लाज बाळगू नका, लाईफ जॅकेट आणि ते फोमचे लांब दांडे असतात, क्लेफ्तिकोला बोट नांगर टाकून उभी राहते तिथं पाय टेकत नाहीत पण जॅकेट घालून शिडीजवळ डुंबता येतं. व्हेज असाल तर बुक करतानाच लिहा, नाहीतर कोळंबीचा पास्ता समोर येतो. आधी सांगितलं तर सॅलड, फेटा चीज, ब्रेड, कलिंगड, पोट भरतं. टोपी दोरीवाली घ्या.

आणि स्वतः चालवायची हौस फारच असेल तर वारा तीनच्या खाली असेल त्या दिवशी पोलोनिया गावाहून घ्या आणि फक्त समोरच्या किमोलोस बेटाच्या किनाऱ्याला जाऊन या, पोलिएगोसकडे पहिल्याच वेळी नको. ते निर्मनुष्य बेट आहे, तिथल्या गुहांत मंक सील हे समुद्री प्राणी राहतात, दुर्मिळ आहेत, त्यामुळे गुहेत बोट घालायची नसते.