राजभवनातून उपराष्ट्रपतिपदाकडे, आणि पुढे?

प्रश्न : मलबार हिलच्या राजभवनातले सी. पी. राधाकृष्णन राज्यपाल असतानाच उपराष्ट्रपतिपदाला उभे राहिले. हे चालतं का? आणि उपराष्ट्रपती पुढे राष्ट्रपती होतोच ना? (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : चालतं. लाभाचं पद, म्हणजे सरकारकडून आर्थिक फायदा देणारं पद असलेल्याला ही निवडणूक लढवता येत नाही, पण घटनेच्या ६६व्या कलमात राज्यपाल आणि मंत्री यांना त्यातून वगळलंय. अर्जाला मात्र २० सूचक, २० अनुमोदक आणि १५,००० रुपये अनामत लागते. सूचक-अनुमोदक खासदारच हवेत, कारण मतदारही तेच. आमदारांना इथे मत नाही. राधाकृष्णन यांनी निवडून आल्यावर राज्यपालपद सोडलं. शंकरदयाळ शर्माही १९८७मध्ये याच राजभवनातून दिल्लीला गेले होते.

‘होतोच’ हे मात्र सोडून द्या. सर्वपल्ली राधाकृष्णन, झाकीर हुसेन, गिरी, वेंकटरामन, शर्मा आणि नारायणन असे सहाच जण राष्ट्रपती झाले. १९९७नंतर एकही नाही. त्यातही गिरींचा मार्ग वाकडा. १९६९मध्ये ते काळजीवाहू राष्ट्रपती होते, राजीनामा देऊन अपक्ष लढले आणि दुसऱ्या पसंतीच्या मतांवर तरले. तेव्हाचे उपराष्ट्रपती भैरोसिंह शेखावत २००७मध्ये अपक्ष उभे राहिले नि प्रतिभाताई पाटलांकडून हरले. राष्ट्रपतींना आमदारही निवडतात, त्यामुळे राज्यांतलं गणित बसलं नाही की उपराष्ट्रपती म्हणून राज्यसभेतल्या सभापतिपदाची पुण्याई कामी येत नाही. हमीद अन्सारी तर सलग दोनदा उपराष्ट्रपती होऊनही तिथेच थांबले.