पायाच्या ऑपरेशननंतर मोटरसायकल सोडून बाजूच्या चाकांची स्कूटर किंवा साइडकार घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की वय ५१, राहायला ठाण्यात, डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, सिग्नलला गाडी पेलत नाही आणि घरचे म्हणतात आता गाडी विका. स्कूटरला मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक चाक लावून घ्यावं की मोटरसायकलला साइडकार (डाव्या बाजूला जोडायची एका चाकाची बैठक) जोडावी, शिकायला किती दिवस लागतील आणि खर्च किती येईल, असं विचारलंय. मी दोन्ही चालवल्यात, म्हणून लिहितोय.

आधी एक सांगतो. ‘तीन चाकं आहेत, त्यात शिकायचं काय, पडणार कुठे?’ असं जो कोणी तुम्हाला म्हणेल, त्याला गाडीला हात लावू देऊ नका. मी दिला होता. तिकडे येतोच.

मी कोपरखैरण्याला राहतो. रबाळे एमआयडीसीत ३१ वर्षं फिटर होतो. २०१६ च्या जुलैत महाप्याला कंटेनरच्या मागे पावसात ऑइलवरून गाडी घसरली आणि डावा पाय खाली सापडला. घोट्याचा चुरा झाला. प्लेट, सात स्क्रू, आणि शेवटी डॉक्टरांनी सांधा पक्का करून टाकला. आता घोटा वाकत नाही. चालताना कळत नाही फारसं, पण पाय टेकला की जमीन किती खाली आहे, उतार कुठे आहे, ते पायाला समजत नाही.

आठ महिन्यांनी परत गाडी काढली. तुर्भे नाक्याच्या सिग्नलला थांबलो, मागे बायको, मांडीवर भाजीची पिशवी. डावा पाय टेकला तिथे रस्त्याला खळगा होता. गाडी उभ्या उभ्या आडवी झाली. वेग शून्य. एका रिक्षावाल्याने हिला उठवलं, दुसऱ्याने गाडी. हिच्या कोपराला खरचटलं, टोमॅटो रस्त्यावर. घरी येईपर्यंत ही एक शब्द बोलली नाही. रात्री जेवताना म्हणाली, “गाडी विकू नका, पण मला मागे बसवू नका.” तीस वर्षं जी मागे बसली तिने असं म्हणावं, हे मला घोट्यापेक्षा जास्त लागलं.

मग पहिल्यांदा घेतली ती बाजूला दोन चाकं लावलेली सेकंडहँड स्कूटर. चार महिने वापरली. ज्याचा पाय अजिबात काम करत नाही त्याला ती देवासारखी आहे, तिला कोणी नावं ठेवलेली मला खपत नाही. गियर नाही, पाय टेकायचा नाही, बसा आणि निघा. पण आपल्याकडच्या रस्त्यांना ती नीट झेपत नाही. दोन चाकांच्या गाडीने खड्डा चुकवता येतो, इथे तीन ठिकाणी खड्डा शोधत जावं लागतं. आमच्या सोसायटीच्या गेटला उतार आहे आणि मध्ये गटाराचं झाकण खचलंय. बाजूची दोन्ही चाकं उंचवट्यावर बसली की मधलं चाक अधांतरी. ॲक्सिलरेटर पिळा, मागचं चाक नुसतं गरगर फिरतंय, गाडी जागची हलत नाही. कुणीतरी मागून ढकलायचं. रस्ता एका बाजूला उतरता असला की गाडीही तेवढीच कलते आणि तिला आपण अंगाने सावरू शकत नाही. आणि बायकोची भीती तशीच राहिली, कारण बसायची जागा मागेच.

साइडकार डोक्यात आली ती त्या कारणाने. आमच्या लहानपणी स्कूटरला साइडकार लावलेली कुटुंबं दिसायची, आई आत, मांडीवर पोर. हिला तसं बाजूला बसवता येईल, आणि गाडी स्वतःच उभी राहील, मला पाय टेकायची गरजच उरणार नाही.

गाडी निवडली जुनी बुलेट, उजव्या पायात गियर असलेली. हे मुद्दाम सांगतो, कारण दुकानदार सांगणार नाही. हल्लीच्या सगळ्या मोटरसायकलींना गियर डाव्या पायात. माझा घोटा वाकत नाही, पंजाने गियर उचलणार कसा? जुन्या बुलेटला गियर उजवीकडे, पहिला वर, बाकीचे तीन खाली, आणि न्यूट्रलसाठी टाचेने दाबायची वेगळी दांडी. डावीकडे मागचा ब्रेक, तो मी अख्ख्या पायाने दाबतो, त्यासाठी पॅडल तापवून थोडं वर वळवून घेतलं. किकही उजवीकडे. पूर्वी किक मारताना सगळा भार डाव्या पायावर यायचा. साइडकार लागल्यावर गाडी हलत नाही, किक आरामात बसते. तुमचं दुखणं गुडघ्याचं आहे, तुमचा हिशोब वेगळा निघेल. पण कोणता पाय काय काय करतो हे कागदावर मांडून मगच गाडी ठरवा.

साइडकार उल्हासनगरहून जुनी आणली आणि कंपनीतल्या दोन पोरांना घेऊन तीन रविवारांत मी स्वतः बसवली. इथे घाई करायची नसते. साइडकारचं चाक बुलेटच्या चाकांना अगदी समांतर ठेवायचं नाही, पुढच्या बाजूला किंचित आत हवं. त्याला टो-इन म्हणतात. दोन सरळ ॲल्युमिनियमच्या पट्ट्या घ्यायच्या, एक बुलेटच्या दोन्ही टायरांना टेकवायची, एक साइडकारच्या टायरला, आणि पट्ट्यांमधलं अंतर पुढे मोजायचं, मागे मोजायचं. माझं पुढे १८ मिलिमीटर कमी ठेवलं. मग ओळंबा सोडून बुलेट किंचित उजवीकडे कलती ठेवली, म्हणजे साइडकारमध्ये माणूस बसला की ती सरळ उभी राहते. आपले रस्ते डावीकडे उतरते, ते पण धरावं लागतं. पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक, एक दात कमीचं टाकलं, नाहीतर पुलाच्या चढावर क्लच जळतो. सगळी मोजमापं वहीच्या पानावर लिहिली, खाली तारीख टाकली, १२ ऑगस्ट २०१८.

शिकायला सहा रविवार लागले. घणसोलीकडे पामबीच रस्त्याचा जो तुकडा तेव्हा पुढे ऐरोलीला जोडायचा राहिला होता, तिथे पहाटे जायचो. तीस वर्षं मोटरसायकल चालवलेल्या माणसाला हे जास्त जड जातं, कारण हात उलटं शिकलेला असतो. वेगात डावीकडे वळायचं असलं की मोटरसायकलवर आपण नकळत डावी मूठ पुढे दाबतो, गाडी झुकते आणि वळते. साइडकारची गाडी झुकतच नाही. डावी मूठ दाबली की हँडल सरळ उजवीकडे वळतं. पहिल्या दिवशी वळण डावीकडे आणि मी डिव्हायडरकडे चाललेलो. रिक्षा चालवलेला माणूस साइडकार लवकर शिकेल, बुलेटवाला उशिरा.

दुसरं, गाडी सरळ जात नाही. ॲक्सिलरेटर दिला की डावीकडे ओढते, कारण साइडकार मागे खेचते. ब्रेक मारला की उजवीकडे, कारण साइडकारला ब्रेक नाही, ती पुढे जायला बघते. हँडल सतत दोन्ही हातांनी धरून ठेवायचं. पहिल्या रविवारी संध्याकाळी खांदे भरून आले होते.

आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. डावीकडे जरा जोरात वळलात की साइडकारचं चाक जमीन सोडतं. रिकामी असेल तर लगेच. पहिल्यांदा उचललं तेव्हा आधी आवाज बदलला, टायरची घरघर बंद झाली. मग डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून मडगार्ड वर येताना दिसलं. त्या क्षणी अंग डावीकडे टाकायचं, ॲक्सिलरेटर हळू सोडायचा, हँडल थोडं सरळ करायचं. घाबरून ब्रेक दाबायचा नाही. हे मी मोकळ्या जागेत मुद्दाम तीस-चाळीस वेळा केलं. एकट्याने जाताना आजही साइडकारमध्ये ३० किलो रेतीची गोणी असते.

सातव्या रविवारी ही बसली. महाप्यापर्यंत गेलो. बाजूने कंटेनर गेला तेव्हा त्याचं चाक हिच्या डोक्याच्याही वर होतं. हिने साइडकारची कड घट्ट धरली, पण मला थांबा म्हणाली नाही. परत आल्यावर म्हणाली, “तीस वर्षं तुमची पाठ बघितली, आज रस्ता बघितला.”

आता दाजी. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, कळव्याला खारेगावात राहतात. पुढच्या वर्षी गौरी जेवायच्या दिवशी आम्ही साइडकार घेऊनच गेलो होतो. जेवण झाल्यावर दाजी म्हणाले, जरा चक्कर मारून आणतो. मी म्हणालो, दाजी, ही वेगळी आहे, आधी दाखवतो. ते म्हणाले, तुझ्या आधीपासून गाड्या चालवतोय, तीन चाकं आहेत, पडणार कुठे? वयाने मोठे, सणाचा दिवस, बहीण समोर उभी. मी किल्ली दिली. रेतीची गोणी जाताना घरी काढून ठेवली होती, कारण आत ही बसली होती. म्हणजे साइडकार रिकामी. गल्लीच्या तोंडाला त्यांनी डावं वळण घेतलं, चाक उचललं, त्यांनी दचकून ब्रेक दाबला आणि हँडल पूर्ण उजवीकडे मारलं. गाडी मंडपाच्या बांबूवर. त्यांचं मनगट मोडलं. दहा पावलांवर पोरं खेळत होती. ती जागा मी आजही विसरलेलो नाही.

दाजी तेव्हापासून सगळ्या नात्यात सांगतात की साइडकार वाकडी बसवली होती. ३१ वर्षं ज्याने मशिनं लाइनमध्ये बसवली त्याला हे ऐकून घ्यावं लागतं. तिसऱ्या दिवशी मी पट्ट्या घेऊन खारेगावला गेलो आणि त्यांच्याच दारात, त्यांच्या मुलासमोर मोजलं. १९ मिलिमीटर. साइडकारचं फायबरचं नाक फुटलं होतं, जोडणीच्या दांड्या सरळ होत्या. दाजी म्हणाले, मग एक मिलिमीटर कुठून आला? बांबूवर आपटल्यावर एक मिलिमीटर येणारच की. एका मिलिमीटरने कुठलीही साइडकार उचलत नाही, रिकामी साइडकार डाव्या वळणावर उचलते, दाजी. कोणाच्याही हातात, कितीही चांगली बसवलेली असली तरी.

तुमचे प्रश्न. खर्चाचं म्हणाल तर नुसत्या साइडकारची किंमत धरून चालू नका. जोडणीच्या दांड्या, स्प्रॉकेट, ब्रेक, क्लच, आणि टायर, जे लवकर झिजतात, यात तेवढेच जातात. पाय अजिबात जोर देत नसेल तर बाजूच्या चाकांची स्कूटर घ्या. पाय काम करतो पण गाडीचं वजन पेलत नाही, आणि सोबत कोणाला न्यायचं असेल तर साइडकार. ट्रॅफिकमधून फटीतून निघायचं मात्र विसरा, रिक्षाएवढी जागा लागते. पावसात विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचलं की मी गाडी काढतच नाही, आत बसणाऱ्याच्या पायाखाली पाणी येतं. अटल सेतूवर दुचाकी, तीनचाकी दोन्ही बंद आहेत, तिथे काही फरक पडत नाही.

कागदपत्रांचं आधीच लिहायला हवं होतं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मोटरसायकलच्या व्याख्येतच सुटी होणारी साइडकार धरलेली आहे, म्हणून ‘साइडकार बेकायदेशीर आहे’ असं सरसकट म्हणणाऱ्याचं ऐकू नका. पण त्याच कायद्याचं कलम ५२ गाडीत मनाला येईल तसे बदल करू देत नाही आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलंय. तेव्हा काही जोडण्याआधी आपल्या आरटीओत लेखी विचारा, आरसीवर नोंद करून घ्या आणि इन्शुरन्सवाल्यांना कळवा. नोंद नसली तर अपघातानंतर ते हात वर करतात. बाजूला दोन चाकं लावलेली गाडी अपंगांसाठीची म्हणून नोंदवायची तर दाखला लागेल आणि लायसन्सवरही तशी नोंद हवी. आणि तोल जायचं कारण गुडघा नसून चक्कर असेल, तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत यातलं काहीच घेऊ नका.

साइडकार बसवून घेतलीत तर टो-इन स्वतः समोर उभं राहून मोजून घ्या, मिस्त्रीकडून कागदावर लिहून, सही आणि तारखेसह. माझा तो १२ ऑगस्टचा कागद अजून गाडीच्या पुस्तकात ठेवलेला आहे. दाजींनी कधीही यावं आणि बघावा.